जुन्या गाडीचे हेडलाइट मधेच जातात आणि दांडी हलवली की परत येतात: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने

आधी लक्षणं बघा, निम्मा उलगडा तिथेच होतो. यातलं एक जरी तुमच्या गाडीत होत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- लाइट लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं सगळं ठीक, मग दोन्ही बाजूचे हेडलाइट एकदम जातात. पाच मिनिटं बंद ठेवून परत लावले की येतात.
- स्टिअरिंगजवळची लाइटची दांडी थोडी वर किंवा आत दाबून धरली की लाइट येतो, सोडली की जातो.
- पार्किंग, मागचे लाल दिवे, मीटरमधला उजेड सगळं चालू, फक्त हेडलाइट नाहीत.
- दांडी ओढून पास दिला (क्षणभर झोत मारला) तर अप्पर (लांबचा झोत) लागतो, नेहमीच्या पोझिशनला मात्र अंधार.
- अप्पर आहे पण डिपर (जवळचा झोत) नाही, किंवा उलटं.
- बॅटरी नवीन, बल्ब नवीन, तरी लाइट पिवळट आणि मंद.
- स्टिअरिंगखालचं प्लास्टिक कव्हर हाताला गरम लागतं, कधी जळका वास येतो.
- आणि एवढं सगळं होऊनही फ्यूज शाबूत.

रात्री चालत्या गाडीत लाइट गेले तर पहिली गोष्ट, पासची दांडी ओढून धरा. बहुतेक गाड्यांत पासचा रस्ता मेन लाइट स्विचला वळसा घालून जातो त्यामुळे अप्पर लागण्याची शक्यता चांगली असते. मग हॅझर्ड लावून हळूहळू डावीकडे घ्या आणि उजेड असलेल्या जागी थांबा, फ्लायओव्हरच्या उतारावर किंवा वळणावर अजिबात थांबू नका. पुढचं सगळं दिवसा, गाडी उभी करून.

मी हे काम मुख्यतः जुन्या मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम यांच्यावर करत आलोय, अधूनमधून एखादी पद्मिनी किंवा जीप. मारुती ८०० तर १९८३ पासून २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत होती, त्यामुळे मुंबईत बिल्डिंगच्या खाली कव्हर घालून ठेवलेल्या अजून भरपूर सापडतात आणि त्यांचा हा आजार मला वर्षानुवर्षं तसाच दिसतोय.

फ्यूज का उडत नाही

हे आधी समजून घ्या, कारण गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, "दादा फ्यूज तर चांगला आहे, मग गडबड कुठे असणार?"

साधा एच-फोर बल्ब डिपरला ५५ वॅट आणि अप्परला ६० वॅट. दोन बल्बचे डिपरला ११० वॅट झाले, म्हणजे १२ व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर करंट. आता बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटला रिलेच (बारीक करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतो, हा सगळा करंट बॅटरीपासून निघून डॅशबोर्डच्या आत येतो, स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधल्या (म्हणजे दांडीच्या स्विचमधल्या) इवल्याशा पॉइंटमधून, एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांमधून, जातो आणि मग परत पुढे बल्बपर्यंत. वीस-पंचवीस वर्षं रोज ठिणगी पडून पडून त्या पॉइंटवर कार्बन धरतो, स्प्रिंग ढिली होते. समजा तिथे फक्त ०.१ ओहमचा अडथळा तयार झाला, तर नऊ अँपिअरला जवळपास एक व्होल्ट तिथेच खाल्ला जातो आणि आठ वॅटची उष्णता त्या बंद प्लास्टिकच्या आत तयार होते. अडथळा दुप्पट झाला की मोबाइल दुरुस्तीवाल्याकडच्या छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता तिथे कोंडलेली असते. प्लास्टिक मऊ पडतं, पॉइंट जागेवरून सरकतो, लाइट जातो. थंड झालं की पॉइंट परत टेकतो, लाइट येतो. पहिल्या लक्षणाचं कारण हेच.

फ्यूज उडतो तो करंट जास्त झाला तर. इथे अडथळा वाढल्यामुळे करंट उलट थोडा कमीच होतो, मग फ्यूजला काही कळायचा प्रश्नच येत नाही. म्हणून या दोषात फ्यूजच्या भरवशावर राहू नका, स्विच वितळेपर्यंत तो जागचा हलणार नाही. जळका वास हीच तुमची वॉर्निंग.

मंद उजेडाचंही तेच. हॅलोजन बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड १० टक्क्यांनी नाही, जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतो. लोक मग उजेड वाढवायला १००/९० चे बल्ब टाकतात, त्याने अप्परला २०० वॅट म्हणजे सोळा-सतरा अँपिअर त्याच म्हाताऱ्या पॉइंटमधून जायला लागतात आणि जो स्विच अजून दोन वर्षं चालला असता तो एका पावसाळ्यात जातो. माझ्याकडे आलेल्या वितळलेल्या स्विचच्या गाड्यांचं बॉनेट उघडल्यावर मी आधी बल्बवरचा आकडा वाचतो आणि बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं.

आता आपली मुंबईची हवा. समुद्राची खारट हवा, वर्षभर दमटपणा, जून ते सप्टेंबर पाऊस आणि बिल्डिंगमध्ये शेड नसल्याने उघड्यावर पार्किंग. पितळेवर हिरवा-पांढरा थर धरायला एवढं पुरेसं आहे. त्यात गाडी कधी हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेला पाण्यातून गेलेली असली तर पायाजवळच्या कपलरमध्ये (वायरी एकमेकींना जोडणारं प्लास्टिकचं सॉकेट) आत ओल राहून जाते आणि त्याचा त्रास दोन-तीन वर्षांनी बाहेर येतो, तेव्हा मालकाला ते पाणी आठवतही नसतं. सेकंडहँड घेतली असेल तर मालकाला माहीतच नसतं.

पहिली तपासणी, फुकट: सीटवर बसून सगळ्या पोझिशन बघा

गाडी भिंतीसमोर किंवा दुकानाच्या बंद शटरसमोर लावा, संध्याकाळी. एक एक करून पार्किंग, डिपर, अप्पर, पास. प्रत्येकाला डावा-उजवा दोन्ही लागतात का ते कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका.

एकाच बाजूचा लाइट जात असेल तर स्टिअरिंगकडे बघूच नका. स्विच दोन्ही बाजूंना एकच असतो, तो गेला तर दोन्ही जातात. एक बाजू म्हणजे त्या बाजूचा बल्ब, होल्डर, अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी जोडणी) किंवा त्या बाजूचा फ्यूज, बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्याला वेगळे फ्यूज असतात.

पासला लागतो आणि नेहमीच्या पोझिशनला अप्पर-डिपर दोन्ही नाहीत, म्हणजे बल्ब, होल्डर, पुढची अर्थ हे सगळं ठीक आहे. संशय सरळ मेन लाइटच्या पॉइंटवर किंवा त्याला येणाऱ्या सप्लायवर. पार्किंग लागतंय म्हणून स्विच चांगला असं समजू नका, पार्किंगचा पॉइंट वेगळा आणि त्याच्यावर लोडही बराच कमी. फक्त डिपर किंवा फक्त अप्पर दोन्हीकडून गायब असेल तर डिपरचा भाग, म्हणजे दांडी पुढे-मागे केल्यावर बदलतो तो.

मग लाइट चालू ठेवून दांडी हलकेच चारी बाजूंना हलवा, फिरकी असेल तर अर्धवट फिरवा. उजेड लुकलुकला तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या कपलरमध्ये. आणि दहा मिनिटांनी कव्हरला हात लावा. या तपासणीला पाच पैसे लागत नाहीत आणि नव्वद टक्के लोक ती न करता थेट नवीन स्विच विकत घेतात, मला याचं खरंच वाईट वाटतं.

जुन्या जीपवाल्यांसाठी वेगळं: तुमचा डिपर स्विच पायाशी फ्लोअरवर असतो, चिखल आणि पाणी थेट त्याच्यावर. तिथूनच सुरुवात करा. पायाने चार-पाचदा दाबल्यावर अप्पर-डिपर बदलायला लागला तर तोच गेलाय, त्याचे दोन स्क्रू काढून बदलणं सोपं काम आहे.

दुसरी: बल्ब

लोक म्हणतात, "दोन्ही डिपर एकदम कसे जातील, स्विचच असणार." एकदम जात नाहीत. मुंबईत रस्त्यावर दिवे एवढे असतात की एक डिपर गेलेला ड्रायव्हरला महिना-महिना कळत नाही, दुसरा गेला की मग अंधार जाणवतो आणि वाटतं दोन्ही आत्ताच गेले. शहरात आपण कायम डिपरवर चालवतो त्यामुळे डिपरचीच फिलामेंट आधी तुटते.

बल्ब काढून उजेडाकडे धरून बघा, फिलामेंट तुटलीय का, काच काळी पडलीय का. काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो, लागलंच तर स्पिरिटने पुसा. चालू स्थितीतला बल्ब या बाजूचा त्या बाजूला लावून बघा. आणि होल्डर बघा, पिना जळून तपकिरी झाल्या असतील तर सिरॅमिक होल्डर घ्या, प्लास्टिकचा परत वितळेल.

तिसरी: फ्यूज आणि त्याची खाच

फ्यूज नुसता बघून सोडू नका, बाहेर काढा. पाय तपकिरी किंवा निळसर झालेत का, प्लास्टिक एका बाजूला वितळलंय का. फ्यूज अखंड असतो पण खाच ढिली झालेली असते, मग तिथेही स्विचसारखाच अडथळा तयार होतो. टेस्ट लॅम्प (वायर आणि क्लिप लावलेला छोटा तपासणीचा बल्ब) घ्या, त्याची क्लिप बॉडीला आणि टोक फ्यूजच्या दोन्ही टोकांना एक एक करून लावा (लाइट चालू पोझिशनला ठेवून), दोन्हीकडे सारखा लागला पाहिजे. एकीकडे लागला आणि दुसरीकडे नाही किंवा मंद, तर दोष इथेच सापडला, पुढे जायची गरज नाही.

पद्मिनी आणि तिच्या जमान्यातल्या गाड्यांत चिनी मातीचे गोल फ्यूज असतात, त्यांच्या टोकांवर थर धरतो. नुसते जागेवर फिरवले तरी कित्येकदा लाइट येतो, पण मग क्लिप घासून साफ करून फ्यूज नवीन टाकाच.

जास्त अँपिअरचा फ्यूज, किंवा तार गुंडाळून काम चालवणं, हे एकदाही करू नका. वायर तेवढ्या करंटसाठी नाही, मग वायरच फ्यूजचं काम करते, डॅशबोर्डच्या आत.

चौथी: अर्थ

खारट हवेत ही तपासणी टाळून चालतच नाही. हेडलाइटची काळी वायर पुढच्या पत्र्याला एका स्क्रूने जोडलेली असते आणि तो स्क्रू गंजतो. एक लांब वायर घ्या, दोन्ही टोकांना मगर क्लिप, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं त्या अर्थच्या थिंबलला (वायरच्या टोकाची धातूची कडी). लाइट झटक्यात पांढरा आणि प्रखर झाला तर अर्थ खराब. स्क्रू काढा, पत्रा आणि थिंबल पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. खर्च शून्य. अर्थ खराब असल्याची आणखी एक खूण म्हणजे हेडलाइट लावून इंडिकेटर दिला की दुसराच कुठलातरी दिवा बारीक लुकलुकतो, कारण करंट परतीचा रस्ता शोधत भलतीकडून जातो.

पाचवी: रिले, असेल तर

तुमच्या गाडीत हेडलाइटचा रिले असेल तर लाइट लावताना टक आवाज येतो. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आणि तेवढ्याच पिनांचा असेल तर अदलाबदल करून बघा, दोन मिनिटांचं काम. टक आवाज येतोय आणि लाइट नाही, तर स्विच बहुधा ठीक आहे आणि रिलेच्या आतले पॉइंट गेलेत.

सहावी: स्टिअरिंगखालचं कव्हर उघडा, कपलर बघा

इथून पुढे हत्यारं लागतील. सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. आणि एक अट, स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर इथेच थांबा. स्टिअरिंगवर एसआरएस लिहिलंय किंवा खाली पिवळ्या वायरी, पिवळा कपलर दिसतोय, तर टेस्ट लॅम्प, मल्टीमीटर काहीही तिकडे नेऊ नका. चुकीच्या जागी छोटासा करंट गेला तरी एअरबॅग तोंडावर फुटू शकते. ते काम शिकलेल्या माणसाचं.

एअरबॅग नसेल तर कव्हरचे स्क्रू खालून काढा, दोन भाग हलक्या हाताने वेगळे करा, जुनं प्लास्टिक पटकन तडकतं. स्विचमधून येणारा वायरींचा जुडगा एका पांढऱ्या किंवा काळ्या कपलरमध्ये जातो. तो उघडा आणि टॉर्च मारून प्रत्येक पिन बघा.

कित्येकदा स्विच ठणठणीत असतो आणि कपलरची एकच पिन जळलेली असते, तिच्या भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. ही पिन म्हणजे हेडलाइटचा सप्लाय किंवा आउटपुट. अशा वेळी स्विच बदलायची काही गरज नाही. ती वायर जळक्या भागाच्या मागे कापा, काळी पडलेली तांब्याची तार पूर्ण निघून चकचकीत तार दिसेपर्यंत मागे जा आणि योग्य मापाची नवीन पिन क्रिंप करा (पक्कडीने वायरवर घट्ट दाबून बसवा), किंवा ती एक वायर कपलरच्या बाहेरून वेगळ्या इन्सुलेटेड जोडाने घ्या. वायर पिळून वर काळी टेप, हे नको. टेपचा गोंद मुंबईच्या उन्हात सुटतो आणि पिळलेल्या जोडात हवा शिरते, वर्षभरात त्याच जागी परत अडथळा.

सातवी: व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे पक्का निकाल

एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळतो आणि घरीही उपयोगी पडतो. लोक त्याने स्विच काढून नुसता बीप वाजतो का बघतात आणि म्हणतात चांगला आहे. बीप वाजवायला मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, त्याला एखादा केसाएवढा टेकलेला बिंदूसुद्धा पुरतो. नऊ अँपिअर जातील का हे बीप सांगूच शकत नाही. म्हणून मोजणी लोडवरच, म्हणजे लाइट चालू असतानाच करायची.

बॅटरी परत जोडा, कपलर लावा, हेडलाइट चालू करा. मीटर डीसी २० व्होल्टला. एक प्रोब कपलरच्या मागून स्विचला येणाऱ्या सप्लायच्या पिनला, दुसरा स्विचमधून बाहेर जाणाऱ्या डिपरच्या पिनला. हा आकडा म्हणजे स्विच आणि कपलर मिळून किती व्होल्ट खातात.

०.२ च्या आसपास किंवा कमी असेल तर स्विच चांगला आहे, दोष दुसरीकडे शोधा. ०.५ च्या वर गेला तर स्विच आजारी. आणि सरळ १२ च्या जवळ दाखवला तर पॉइंट टेकतच नाहीये. थंड असताना एकदा आणि पंधरा मिनिटं लाइट चालवून परत एकदा मोजा, गरम झाल्यावर आकडा चढत असेल तर तुमचा निकाल लागला.

एक अडचण इथे येऊ शकते. काही जुन्या जपानी बनावटीच्या गाड्यांत स्विच प्लसच्या बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो, बल्बला प्लस फ्यूजमधून थेट पोचलेला असतो आणि स्विच फक्त अर्थ पुरी करतो. अशा गाडीत टेस्ट लॅम्प नेहमीसारखा बॉडीला लावून तपासलात तर सगळं उलटं दिसेल आणि चांगला स्विच फेकाल. बल्बच्या होल्डरवर लाइट बंद असतानाही १२ व्होल्ट मिळत असतील तर तुमची गाडी त्यातली आहे. टेस्ट लॅम्पची क्लिप मग बॅटरीच्या प्लसला लावा. व्होल्टेज ड्रॉपची मोजणी मात्र दोन्ही प्रकारांत तशीच चालते, म्हणून मला ती जास्त भरवशाची वाटते.

आठवी: स्विच साफ करणं किंवा बदलणं

काही गाड्यांत कॉम्बिनेशन स्विच स्टिअरिंग व्हील न काढता बाजूने निघतो, बऱ्याच गाड्यांत व्हील काढावंच लागतं. व्हील काढायचं असेल तर चाकं सरळ करा, शाफ्ट आणि व्हीलवर पांढऱ्या रंगाने एक रेघ मारून ठेवा म्हणजे बसवताना व्हील वाकडं लागणार नाही. मधला नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा, नाहीतर ओढताना व्हील सुटून सरळ तोंडावर येतं. अडकलं असेल तर पुलर (व्हील ओढून काढायचं हत्यार) वापरा. शाफ्टवर हातोडी मारायची नाही, बऱ्याच गाड्यांचा कॉलम अपघातात आत दबावा म्हणून तसा बनवलेला असतो आणि ठोकून तो खराब होतो. बसवताना नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (कसण्याचा ठरलेला जोर) कसा. टॉर्क रेंच नाही? तर हे काम ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून करून घ्या. लाइट गेला तर गाडी थांबवता येते, स्टिअरिंग सुटलं तर काही करता येत नाही.

साफ करायचं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे घ्या, गंज सोडवायचा तेलकट स्प्रे नको, त्याचा थर आत धूळ धरून ठेवतो. बॅटरी काढलेली असू द्या, स्प्रे पेट घेणारा असतो. स्विच उघडणार असाल तर मोठ्या पांढऱ्या कपड्यावर किंवा प्लास्टिकच्या पिशवीत उघडा, आत बारीक स्प्रिंग आणि छर्रे असतात ते उडतात आणि एक छर्रा हरवला की दांडी परत कधीच नीट टक करून बसत नाही. उघडण्याआधी फोटो काढा. पॉइंटवर नुसता काळा थर असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसा. खड्डे पडले असतील, पट्टी निळी पडून तिची स्प्रिंग गेली असेल किंवा प्लास्टिक खचलं असेल, तर साफ करण्यात वेळ घालवू नका. तो स्विच चार दिवस चालेल आणि मग कसाऱ्याच्या घाटात जाईल.

नवीन घ्यायला ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत जा, मिळाला नाही तर जुन्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची आणि तिचा सुटा माल त्या पट्ट्यात अजूनही निघतो. जुना स्विच सोबत न्या, कारण त्याच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत दांडी हुबेहूब सारखी आणि कपलरच्या पिना वेगळ्या असं होतं. जुना माल घेताना पिनांचा रंग बघा, तपकिरी पिन असलेला घेऊ नका. नव्यात अगदी हलका, दांडी ढिलीढाली लागणारा स्विच असेल तर त्यातल्या पट्ट्या पातळ असतात, तो ठेवून द्या. दुकानदाराला सांगून बीप लावून सगळ्या पोझिशन तिथेच बघा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. (बीप इथे फक्त पोझिशन बरोबर आहेत का एवढ्यासाठीच.)

रिले लावल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मी मानत नाही

एवढं करून नवीन स्विच बसवला आणि लोड तसाच त्याच्यातून जात राहिला, तर तोही त्याच वाटेने जाणार. गाडीत हेडलाइटला रिले नसेल तर दोन रिले लावा, एक डिपरला, एक अप्परला. स्विचवर येणारा नऊ-दहा अँपिअरचा भार मग ०.२ अँपिअरच्या आसपास येतो, कारण स्विच आता फक्त रिलेची कॉइल चालवतो.

चार पिनांचा साधा १२ व्होल्टचा ३० अँपिअरचा रिले, पिनांवर नंबर छापलेले असतात. ३० ला बॅटरीकडून येणारी जाड वायर, २.५ स्क्वेअर एमएम, आणि बॅटरीच्या अगदी जवळ प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून बल्बला. ८५ ला अर्थ, ८६ ला जुन्या होल्डरमधून येणारी डिपरची (किंवा अप्परची) वायर. बल्बची अर्थही नवीन, तेवढ्याच जाडीची घ्या. फ्यूज बॅटरीजवळच का, तर फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासली गेली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. रिले पिना खाली करून बसवा म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही. अर्थच्या बाजूला स्विच असलेल्या गाडीला ही जोडणी अशीच्या अशी चालत नाही, तिथे कॉइलला प्लस कायम देऊन दुसरं टोक स्विचकडे न्यावं लागतं. याची खात्री नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

हेडलाइटला पूर्ण व्होल्टेज मिळायला लागलं की साध्या ६०/५५ च्या बल्बचाच उजेड एवढा वाढतो की १००/९० ची आठवण येत नाही. १५ वर्षं झालेली खासगी गाडी पुन्हा रजिस्टर करायला आरटीओत नेता तेव्हा लाइटही बघतात, तिथे जादा वॅटचे बल्ब अडचणीचेच. एलईडी टाकल्याने स्विचवरचा भार कमी होतो हे खरं, पण हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा उजेड भलतीकडे फाकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात, म्हणून मी ते लावून देत नाही.

डॅशबोर्डला भोक पाडून वेगळा टॉगल स्विच बसवून देणारे बरेच आहेत. मागे रिले आणि फ्यूज असेल तर चालेल. नुसती बारीक वायर थेट बॅटरीवरून आणली असेल तर ती आजच काढा.

कुठे थांबायचं आणि माणूस बोलवायचा

एअरबॅगचं वर सांगितलंच. त्याशिवाय: वायरींच्या जुडग्यात आतपर्यंत वितळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या वायरी दिसल्या. नवीन फ्यूज लावता क्षणी उडतो, म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे आणि तो शोधणं वेगळं काम आहे. धूर निघाला. इग्निशनच्या चावीची बाजूही गरम लागतेय. उंदरांनी वायरी कुरतडल्यात. किंवा तुमची गाडी अशी आहे की स्विच थेट लाइट न लावता कंट्रोल युनिटला फक्त सिग्नल देतो, तिथे वरची जोडणी करायला गेलात तर युनिट जळेल. सीएनजीच्या गाडीत गॅसचा थोडा जरी वास येत असेल तर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, गाडी उघड्यावर, टेस्ट लॅम्प बाजूला, आणि आधी गॅसवाला, मग लाइटवाला. सीएनजी किट बसवताना हेडलाइटच्या जुडग्यातून जोड घेतलेलेही मी पाहिलेत, ते वायरमनला आवर्जून दाखवा.

गॅरेजचा साधा मेकॅनिक नको, ऑटो इलेक्ट्रिशियन बघा. त्याला "लाइट जातात" एवढंच सांगू नका. पहिल्या तपासणीचा कागद द्या, पास लागतो का सांगा, गरम झाल्यावर जातात की दांडी हलवल्यावर ते सांगा. स्विच बदलण्याआधी लोडवर व्होल्टेज मोजायला सांगा, जोड क्रिंप करायला सांगा आणि काढलेला स्विच परत मागून घ्या. जो या तीन गोष्टींना कुरकुर करत नाही त्याचा नंबर जपून ठेवा.

झाल्यावर एवढं तपासा

इंजिन चालू ठेवून, बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट असताना, डिपर लावून बल्बच्या होल्डरवर मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून कमी फरक असेल तर जोडणी चांगली झाली. मग लाइट अर्धा तास चालू राहू द्या आणि स्टिअरिंगखालचं कव्हर, फ्यूज, रिले, होल्डरच्या वायरी, सगळीकडे हात लावून बघा. रिले किंचित कोमट असणारच, त्याची कॉइल तापते. कव्हर जर अजूनही गरम लागत असेल तर कुठलातरी एक बल्ब जुन्याच वायरीवर राहिलाय, तो शोधून रिलेवर घ्या.